जुन्या गाडीचा ईसीएम बदलताना: इंजेक्टरच्या वायरिंगचे काम

पेट्रोल इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडझाप करणारा छोटा वॉल्व्ह. त्याच्या कपलरमध्ये दोनच पिना असतात. चावी चालू असेपर्यंत एका पिनेवर मेन रिलेतून बारा व्होल्ट येत राहतात. दुसरी पिन ईसीएमकडे, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाकडे, जाते. ईसीएम ती वायर जितके मिलिसेकंद अर्थ करतो साधारण तितका वेळ इंजेक्टर उघडा राहतो आणि तेवढेच पेट्रोल आत जाते. मारुती जिप्सी असो की टर्बो असलेली ऑक्टाव्हिया आरएस, ही रचना सारखीच आहे. ईसीएम बदलला तरी बारा व्होल्टची बाजू बहुधा आहे तशीच राहते. दुसऱ्या बाजूच्या, चार इंजेक्टरच्या चार वायरी नव्या ईसीएमच्या कोणत्या पिनांना जोडायच्या, कोणत्या क्रमाने जोडायच्या आणि त्या पिनांना किती करंट सोसतो, एवढेच ठरवायचे असते. नवा ईसीएम बसवूनही गाडी नीट चालत नसेल तर लॅपटॉपवरचे आकडे बदलत बसण्याआधी या चार वायरी पाहाव्यात.

गोंदिया जिल्ह्यात दोन आसनी स्पोर्ट्स कार क्वचितच दिसते. इथे ईसीएम बदलण्याचा प्रश्न येतो तो रॅलीच्या वळणाच्या जुन्या गाड्यांबाबत. त्यांत पहिली मारुती जिप्सी. नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलवाटांवर पर्यटकांना फिरवणारी आणि देशभरच्या रॅलींमध्ये धावणारी गाडी तीच. जिप्सी किंगला २००० मध्ये १२९८ सीसीचे सोळा वॉल्व्हचे एमपीएफआय इंजिन मिळाले आणि तिची ताकद ८० बीएचपीवर गेली. तिच्या पाठोपाठ एस्टीम आणि १.६ लिटरची पहिली बलेनो येतात. कुर्ल्याच्या कारखान्यातून २००१ मध्ये बाहेर पडलेली फियाट पालिओ १.६ आणि तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या शेंद्रा इथे जोडली गेलेली ऑक्टाव्हिया आरएस याही याच पंगतीतल्या. रेनॉचे १.२ लिटर इंजिन बसवलेली सॅन स्टॉर्मही त्यात धरावी, कारण अशा दुर्मीळ गाडीचा ईसीएम जळाला की दुसरा शोधायचा कुठे, हीच पहिली अडचण असते.

ईसीएम बदलण्याची कारणे साधारण तीन. मूळ ईसीएम पाणी जाऊन किंवा चुकीच्या जंप-स्टार्टने मेला आणि नवा मिळत नाही, हे पहिले. जिप्सीत बलेनोचे १.६ इंजिन बसवले आणि जुना ईसीएम त्याला पुरा पडत नाही, हे दुसरे. तिसरे म्हणजे टर्बो किंवा वेगळा कॅम बसवल्यावर इंधनाचे आकडे स्वतः भरता यावेत म्हणून मेगास्क्वर्ट, स्पीडुइनो, लिंक, हाल्टेक यांसारखा प्रोग्रॅमेबल ईसीएम घेतला जातो. ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो यांनी २००१ मध्ये मेगास्क्वर्टची रचना शौकिनांसाठी खुली केली, तेव्हापासून हे काम मोठ्या रेसिंग संघांपुरते उरले नाही. भंगारातून त्याच मॉडेलचा ईसीएम आणला तर इंजेक्टरच्या वायरींना हात लावावा लागत नाही. मात्र गाडीत इमोबिलायझर असेल तर चावी आणि ईसीएम यांची जोडी जमल्याशिवाय इंजिन सुरू होणार नाही. हे आणण्याआधीच विचारून घ्यावे.

पहिले काम मल्टिमीटरचे. इंजेक्टरचा कपलर काढून त्याच्या दोन पिनांमधला रेझिस्टन्स मोजावा. मीटरच्या दोन्ही टोचण्या एकमेकींना टेकवून आलेला आकडा त्यातून वजा करावा, कारण कमी ओहमच्या मोजणीत तो मोठा असतो. उत्तर १२ ते १६ ओहम आले तर इंजेक्टर हाय इंपिडन्सचा आहे. २ ते ५ ओहम आले तर तो लो इंपिडन्सचा. हा फरक ध्यानात न घेतल्याने नवे कोरे ईसीएम जळतात. गणित सोपे आहे. चालू इंजिनात १४ व्होल्ट धरले तर १४ ओहमचा इंजेक्टर एक अँपियर ओढतो, आणि २.५ ओहमचा ५.६ अँपियर. एका अँपियरसाठी बनवलेल्या ट्रान्झिस्टरवर साडेपाच पडले तर तो आधी तापतो आणि मग शॉर्ट होतो. शॉर्ट झालेला ट्रान्झिस्टर इंजेक्टर सतत उघडा ठेवतो. नुकसान तेव्हा ईसीएमपुरते उरत नाही, इंजिनापर्यंत जाते.

दोन हजार सालाच्या आसपासच्या भारतीय गाड्यांत बहुधा हाय इंपिडन्सचेच इंजेक्टर सापडतात. लो इंपिडन्सचे इंजेक्टर मुख्यतः ऐंशीच्या दशकातल्या जपानी टर्बो गाड्यांचे, आयात इंजिनांचे किंवा जास्त पेट्रोल सोडणाऱ्या जुन्या रेसिंग सेटचे. त्या काळी कारखानेच इंजेक्टरच्या वायरीत रेझिस्टरचा डबा घालत. असे इंजिन दुसऱ्या गाडीत बसवताना तो डबा जुन्याच गाडीत राहतो आणि नव्या वायरमनला त्याचा पत्ता नसतो. म्हणून आयात इंजिनाची वायरिंग हाती आली की इंजेक्टरच्या फीडमध्ये मध्येच अ‍ॅल्युमिनियमचा फिन असलेला डबा आहे का, हे आधी शोधावे.

लो इंपिडन्सचे इंजेक्टर वापरायचेच असतील तर मार्ग तीन आहेत. पहिला, पीक-अँड-होल्ड ड्रायव्हर असलेला ईसीएम घ्यायचा. तो उघडण्यासाठी साधारण चार अँपियर देतो आणि उघडून झाल्यावर एकावर येतो. दुसरा, प्रत्येक इंजेक्टरच्या बारा व्होल्टच्या वायरीत स्वतंत्र रेझिस्टर घालायचा. २.५ ओहमच्या इंजेक्टरला ६.८ ओहमचा रेझिस्टर जोडला की करंट दीड अँपियरवर येतो. इंजेक्टर जवळजवळ सतत उघडा असेल तेव्हा त्या रेझिस्टरमध्ये पंधरा वॉट उष्णता होते. म्हणून निदान २५ वॉटचा, अ‍ॅल्युमिनियमच्या कवचाचा रेझिस्टर घ्यावा, आणि तो वायरिंगच्या जुडग्यात न बांधता धातूच्या पत्र्यावर स्क्रूने बसवावा. विदर्भातल्या मे महिन्यात बाहेरच पंचेचाळीस अंशांच्या आसपास असताना बॉनेटखाली काय होते हे वेगळे सांगायला नको. तिसरा मार्ग म्हणजे त्याच प्रवाहाचे हाय इंपिडन्सचे इंजेक्टर घेणे, आणि रस्त्यावरच्या गाडीसाठी हाच सर्वांत चांगला. रेझिस्टरचा खर्च, त्याची उष्णता आणि त्याने मंदावणारे उघडणे, हे सगळे त्यात टळते. स्पीडुइनो आणि मायक्रोस्क्वर्ट यांची आउटपुटे तर हाय इंपिडन्ससाठीच आहेत. लो इंपिडन्सचे इंजेक्टर त्यांना रेझिस्टरशिवाय कधीही जोडू नयेत.

आणखी एक गोष्ट याच संदर्भातली. करंट तुटताना इंजेक्टरच्या कॉइलमधून मोठ्या व्होल्टेजचा झटका उलटा येतो. तो आवरण्यासाठी काही वायरमन रिलेला लावतात तसा साधा डायोड इंजेक्टरवर लावतात. डायोडने झटका थांबतो, पण इंजेक्टर उशिरा बंद होतो आणि आयडलिंगचे सगळे गणित बिघडते. चांगल्या ईसीएमच्या आत हा झटका ठराविक व्होल्टेजला रोखण्याची सोय असते. बाहेरून काही लावू नये.

यानंतर ठरवायचे ते फायरिंग, म्हणजे कोणता इंजेक्टर केव्हा उघडणार. चार सिलिंडरच्या इंजिनात चारही एकाच वेळी उघडता येतात, दोन-दोनच्या जोडीने उघडता येतात, किंवा फायरिंग ऑर्डरप्रमाणे एकेक करून. जुन्या गाड्यांमध्ये ईसीएमकडे दोनच वायरी जात असतील आणि हार्नेसच्या, म्हणजे वायरींच्या जुडग्याच्या, पोटात कुठेतरी त्यांचे चार फाटे झालेले असतील तर ती जोडीची रचना आहे. ती ओळखण्यासाठी कपलर मोकळे करून दोन इंजेक्टरच्या अर्थ बाजूच्या पिनांमध्ये कंटिन्युइटी पाहावी. मीटर वाजला तर त्या दोन्ही वायरी आतून जोडलेल्या आहेत. अशा हार्नेसवर एकेक इंजेक्टर चालवणारा ईसीएम लावायचा तर फाटे सोडवून ईसीएमपासून इंजिनापर्यंत दोन नव्या वायरी ओढाव्या लागतात. त्याशिवाय ईसीएमला कॅमचा सिग्नल द्यावा लागतो. नुसत्या क्रँक सेन्सरवरून इंजिन कोणत्या फेरीत आहे हे त्याला कळत नाही.

जिप्सी किंवा एस्टीमच्या इंजिनाची फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे. जोडीने चालवायचे तर १ आणि ४ एका आउटपुटवर, २ आणि ३ दुसऱ्यावर. एका आउटपुटवर १४ ओहमचे दोन इंजेक्टर आले की एकत्रित रेझिस्टन्स सात ओहम होतो आणि करंट दोन अँपियर. ईसीएमच्या पुस्तिकेत त्या पिनेची क्षमता तेवढी आहे का, हे पाहूनच जोडणी करावी. एकेकाने फायर करायचे असेल तर आणखी एक सापळा आहे. काही ईसीएमवर ‘इंजेक्टर १’ म्हणजे पहिला सिलिंडर, तर काहींवर फायरिंग ऑर्डरमधला पहिला. दुसऱ्या प्रकारात ‘इंजेक्टर २’ची वायर तिसऱ्या सिलिंडरला जाते, ‘३’ची चौथ्याला आणि ‘४’ची दुसऱ्याला. हे उलटे झाले तरी गाडी सुरू होते आणि पळतेही, फक्त आयडलिंगला थरथरते आणि पेट्रोल जास्त खाते. म्हणूनच ही चूक महिनोन्‌महिने सापडत नाही.

रोजच्या वापरातल्या जिप्सीला जोडीचे फायरिंग पुरेसे असते. एकेकाने उघडण्याचा फायदा मुख्यतः आयडलिंगला आणि कमी आरपीएमवर मिळतो. जास्त आरपीएमवर इंजेक्टर इतका वेळ उघडा असतो की क्रमाला फारसा अर्थ उरत नाही. ६००० आरपीएमला इंजिनाच्या दोन फेऱ्या वीस मिलिसेकंदांत पुऱ्या होतात. इंजेक्टर त्यातले सतरा मिलिसेकंद, म्हणजे ८५ टक्के, उघडा राहू लागला की तो लहान पडतो आहे असे समजावे. इंजिन जास्त ताकदीचे केले असेल तर मोठे इंजेक्टर घ्यावेत, प्रेशर वाढवून वेळ मारून नेऊ नये. प्रेशर दुप्पट केले तरी प्रवाह जेमतेम चाळीस टक्के वाढतो.

फीड आणि अर्थ या दोन बाबी लहान दिसतात, पण त्यांवर घाई करू नये. इंजेक्टरचे बारा व्होल्ट मेन रिलेतून, त्यांच्या स्वतंत्र फ्यूजमधून यावेत. हाय इंपिडन्सच्या चार इंजेक्टरना दहा अँपियरचा फ्यूज पुरतो. ईसीएम ज्या क्षणी बंद होतो त्या क्षणी हे बारा व्होल्टही जायला हवेत. ईसीएमला बॅटरीतून एका रिलेने आणि इंजेक्टरला इग्निशनच्या दुसऱ्या वायरीतून फीड दिला की चावी बंद करताना मधला क्षण बेभरवशाचा होतो. अर्थ दोन प्रकारची असते. इंजेक्टरचा करंट ईसीएममधून बाहेर पडतो तो पॉवर अर्थने, आणि तिची जागा इंजिन हेडवर किंवा ब्लॉकवर, रंग खरवडून काढलेल्या स्वच्छ बोल्टवर. सेन्सरची अर्थ ईसीएमच्या स्वतंत्र पिनेवरच राहावी, बॉडीला जोडू नये. दोन्ही एकत्र केल्या तर इंजेक्टरच्या प्रत्येक ठोक्याबरोबर टेंपरेचर आणि ऑक्सिजन सेन्सरचे आकडे हलतात. ऑक्सिजन सेन्सरचा सगळा खेळ ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये चालतो, त्यात अर्ध्या व्होल्टचा गोंधळ म्हणजे सेन्सर निरुपयोगी. इंजिन चालू असताना ईसीएमची पॉवर अर्थ आणि बॅटरीचे निगेटिव्ह टोक यांत ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर बोल्ट पुन्हा साफ करावा.

प्रत्यक्ष वायरिंगबाबत एक सल्ला ठामपणे द्यावा लागेल: गाडीचा मूळ हार्नेस कापू नये. जुन्या ईसीएमचा मेलेला नग मिळवून त्याचा सॉकेट काढावा, आणि त्यापासून नव्या ईसीएमपर्यंत मधला छोटा हार्नेस बनवावा. गोंदियाहून ईसीएम दुरुस्तीसाठी नागपूर गाठावे लागते, रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. एखादा दुर्मीळ भाग असेल तर मुंबई किंवा दिल्ली. नवा ईसीएम देवरीच्या पुढे महामार्गावर किंवा जंगलाच्या वाटेवर बंद पडला, तर डिकीत ठेवलेला जुना ईसीएम दहा मिनिटांत परत लावून घरी येता आले पाहिजे. कापलेल्या हार्नेसला हे जमत नाही.

वायरींचे रंग पाहून जोडणी करू नये. वीस वर्षांत त्या गाडीत कितीजणांनी हात घातला हे कुणालाच माहीत नसते, आणि भंगारातल्या हार्नेसला तर दोन-दोन गाड्यांचे तुकडे जोडलेले असतात. ईसीएमच्या सॉकेटच्या पिनेपासून इंजेक्टरच्या कपलरपर्यंत प्रत्येक वायर मीटरने वाजवून पाहावी, तिला चिठ्ठी लावावी आणि कागदावर सिलिंडरचा क्रमांक लिहावा. पहिला सिलिंडर कोणत्या टोकाचा, हेही त्या कागदावर यावे. जिप्सीत तो टायमिंग बेल्टच्या बाजूचा.

वायर ०.७५ ते १ चौरस मिलिमीटरची, गाड्यांसाठीच बनवलेली, निदान १०५ अंश सोसणारी घ्यावी. घरगुती पीव्हीसी वायर सत्तर अंशांसाठी असते. इंजिनाजवळ ती दोन उन्हाळ्यांत कडक होऊन तडकते. सांधा क्रिम्पिंगने करावा आणि त्यावर आतून डिंक असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवावी. सोल्डर करायचेच तर सांधा हलणार नाही अशा जागी करून दोन्ही बाजूंना वायर बांधून घ्यावी, कारण सोल्डर जिथे संपतो तिथेच वायर थरथरून तुटते. चार वायरींचे चार सांधे एकाच ठिकाणी आणू नयेत, थोडे पुढेमागे घ्यावेत. इंजेक्टर वेगळ्या बनावटीचे असले तर कपलरही वेगळा लागतो. जुने कपलर कानशीने घासून बसवण्यापेक्षा पिगटेलसह नवे कपलर घ्यावेत. गोंदियाची आणखी एक अडचण म्हणजे उंदीर. राइस मिलच्या आवारात, धानाच्या किंवा कोंड्याच्या पोत्यांजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीत ते हमखास शिरतात आणि इंजिनाच्या उबेला वायरी कुरतडतात. हार्नेस फटीच्या प्लॅस्टिक नळीत घालून वर कापडी टेप गुंडाळावी, आणि इंजेक्टर रेलवरून जाणारा भाग दर महिन्याला डोळ्यांखालून घालावा.

जोडणी पूर्ण झाल्यावर लगेच सेल्फ मारू नये. आधी नव्या ईसीएमचा कपलर काढून ठेवावा आणि इंजेक्टरचे चारही कपलर मोकळे करावेत. मग अर्थ बाजूची प्रत्येक वायर बॉडीशी वाजवून पाहावी. एकही वाजता कामा नये. ही तपासणी पाच मिनिटांची आहे, पण ती न केल्याने होणारे नुकसान मोठे आहे. एक वायर कुठेतरी बॉडीला टेकलेली असेल तर चावी चालू करताच तो इंजेक्टर पूर्ण उघडतो. मिनिटाला २०० सीसी सोडणारा इंजेक्टर बारा सेकंदांत चाळीस सीसी पेट्रोल ओततो. जिप्सीच्या एका सिलिंडरचा आकार सुमारे ३२५ सीसी, आणि कॉम्प्रेशन रेशो साडेनऊच्या आसपास धरला तर पिस्टन वर असताना उरणारी जागा जेमतेम अडतीस सीसी. वॉल्व्ह उघडा असताना एवढे पेट्रोल आत गेले आणि सेल्फ मारला, तर द्रव दाबला जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. न वाकला तरी पेट्रोल रिंगांवरून खाली उतरून ऑइल पातळ करते.

वायरी मोकळ्या निघाल्या की इंजेक्टरचे कपलर लावावेत, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढावा, चावी चालू करावी आणि ईसीएमच्या सॉकेटमध्ये चारही पिनांवर बारा व्होल्ट येतात का ते पाहावे. आले तर फीड, कॉइल आणि वायर तिन्ही ठीक. त्यानंतर ईसीएम लावून लॅपटॉपवरून टेस्ट मोडमध्ये एकेक इंजेक्टर चालवावा. ‘१’ दाबल्यावर पहिल्याच सिलिंडरचा इंजेक्टर टिकटिकतो का, हे स्क्रूड्रायव्हरचे टोक त्यावर आणि मूठ कानाला लावून ऐकावे. टेस्ट मोड नसेल तर कपलरमध्ये नॉइड लाइट, म्हणजे पल्स मिळताच लुकलुकणारा तपासणीचा दिवा, घालून सेल्फ मारावा. सगळे बरोबर निघाल्यावरच पंपाचा फ्यूज परत लावावा, आणि रेलवर ओ-रिंगमधून गळती नाही हे हाताने तपासून मग इंजिन सुरू करावे.

इंजिन सुरू झाले तरी दोन आकडे भरायचे राहतात. ईसीएमने वायर अर्थ केल्यावर इंजेक्टर प्रत्यक्ष उघडायला साधारण एक मिलिसेकंद जातो, त्याला डेड टाइम म्हणतात. बॅटरी उतरली की तो वाढतो. आयडलिंगला एकूण अडीच मिलिसेकंदांची पल्स असेल तर पेट्रोल दीड मिलिसेकंदच जाते. डेड टाइम ०.३ ने चुकला तर इंधन वीस टक्के चुकते. हेडलाइट आणि पंखा लावताच इंजिन डगमगत असेल तर दोष बहुधा या आकड्यात आहे. रेझिस्टर घातला असेल तर डेड टाइम वाढतो, त्यामुळे कंपनीच्या तक्त्यावरचा आकडा तसाच उचलू नये.

दुसरा आकडा पेट्रोलचा. परदेशी ईसीएममध्ये हवा-इंधनाचे गुणोत्तर १४.७ धरलेले असते, ते इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचे. पंपावर मिळणाऱ्या ई२० ला ते १३.५ च्या आसपास आहे, म्हणजे इंधन सुमारे आठ टक्के जास्त लागते. हा बदल न करता ट्यून केलेली गाडी लोडवर कोरडी चालते आणि तापते. इंजेक्टर बाहेर काढलेच आहेत तर त्यांच्या जुन्या रबरी ओ-रिंग टाकून व्हिटॉनच्या घालाव्यात. इथेनॉलने साधे रबर फुगते आणि गळती रेलवर, म्हणजे गरम मॅनिफोल्डच्या जवळच होते.

कायद्याची बाजूही याच कामाचा भाग आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तेच अधोरेखित केले. ईसीएमचा उल्लेख आरसीवर नसतो. पण १.३ च्या जागी १.६ इंजिन बसवले की इंजिन नंबर आणि सीसी दोन्ही बदलतात, म्हणून इंजिन विकत घेण्याआधी गोंदियाच्या, म्हणजे एमएच-३५ च्या, परिवहन कार्यालयात विचारावे. पंधरा वर्षे उलटलेल्या गाडीची नोंदणी नूतनीकरणाला जाते तेव्हा हे तपशील पाहिले जातात. सफारीच्या गाडीला तर फिटनेस आणि परमिटही सांभाळायचे असते.

पीयूसीची चाचणी केवळ दाखल्यासाठी करू नये. बीएस-२ च्या पेट्रोल गाडीला आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड अर्ध्या टक्क्याच्या आत आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएमच्या आत लागतो. हे दोन आकडे वायरिंगबद्दल बरेच सांगतात. कार्बन मोनॉक्साइड जास्त असेल तर चारही सिलिंडरना पेट्रोल जास्त जाते आहे. डेड टाइम, इंजेक्टरचा प्रवाह किंवा टेंपरेचर सेन्सरची अर्थ तपासावी. कार्बन मोनॉक्साइड कमी आणि हायड्रोकार्बन मात्र चढलेला असेल तर एखादा सिलिंडर मिस होतो आहे. अशा वेळी इंजिन चालू ठेवून इंजेक्टरचे कपलर एकेक करून काढावेत. ज्याचा कपलर काढल्याने आरपीएम पडत नाही, त्याच सिलिंडरचा स्पार्क, प्लग आणि ईसीएमपर्यंतची वायर पुन्हा मोजावी.